वलांडीवरचा बारा नंबर

पालघर स्टेशनवर उतरले तेव्हा अख्खा फुटबॉल संघ माझ्या डोक्यावर होता. निळ्या जर्सी, पांढऱ्या चड्ड्या, सगळं एका जुन्या चादरीत गाठ मारून बांधलेलं. फलाटावरच्या दोघीतिघींनी मला जुन्या कपड्यांवर भांडी देणारी समजून हाकही मारली. मी हसून पुढं निघाले. त्या दिवशी कुणी काहीही म्हटलं असतं तरी मी हसलेच असते, इतकी मी खुशीत होते.

कोल्हापुरात आमच्या पेठेत माझं शिवणाचं दुकान आहे हे तुम्हा मंडळींना ठाऊकच आहे. वडील तालमीच्या संघाचे गोली. माझ्या लहानपणी मुलींना मैदानात उतरू देत नव्हते, म्हणून मी मैदानात उतरणाऱ्यांचे कपडे शिवायला घेतले. जर्सीच्या पाठीवर आकडे शिवता शिवता या खेळाचं असं वेड लागलं की जगात कुठल्या देशानं कधी कुणाला कुठं उभं केलं, याचा मी वर्षानुवर्षं पिच्छा पुरवला. नवऱ्याचा वाढदिवस विसरते, पण हंगेरीचा मधला फॉरवर्ड मागं का सरकला ते विसरत नाही.

ही जर्सींची ऑर्डर माझी भाची केतकी हिची. ती बोईसरच्या एका औषध कारखान्यात प्रयोगशाळेत काम करते आणि राहते सरावलीला. तिथल्या कामगारांच्या संघाचा सगळा कारभार तिच्याकडं. कपडे पार्सलनं पाठवता आले असते. पण फोनवर ती सहज बोलून गेली, "मावशी, इथं दरवर्षी एक मॅच होते. मैदानाची एक रेघ म्हणजे समुद्र." बस्स! मी तिकीट काढलं. निघताना कट्ट्यावरच्या मंडळींनी टोमणा मारलाच होता, "ताई, तिकडं कुठला आलाय फुटबॉल? मासे खाऊन या." त्या मंडळींसाठीच हे सगळं लिहिते आहे.

स्टेशनबाहेर चहा घेतला. बाकावर शेजारी माकुणसारचे एक गृहस्थ बसले होते, वांग्यांची टोपली बाजारात रिकामी करून घरी निघालेले. त्यांनी गाठोड्याकडं बोट दाखवलं.

"काय इकता, बाय? कापड?"

"फुटबॉल," मी म्हणाले, आणि पर्समधून चिंचोक्यांची पुरचुंडी काढली. ही माझी जुनी खोड. फोडलेले चिंचोके पांढऱ्या बाजूनं लावले की एक संघ, उलटे लावले की दुसरा. बाकावर मी मांडणी केली: गोली, त्याच्यापुढं दोन, मग तीन आणि सर्वात पुढं पाच.

त्यांना सांगितलं ते तुम्हालाही सांगते. अगदी सुरुवातीला इंग्लंडात मांडणी असली काही नव्हतीच. ज्याच्या पायात चेंडू तो एकटा पळणार आणि बाकीचे कळपानं त्याच्यामागं. मग स्कॉटलंडच्या लोकांना सुचलं की चेंडू दुसऱ्यालाही देता येतो. आमच्या पेठेत काही जणांना हे अजून सुचलेलं नाही, पण ते असो. चेंडू द्यायचा म्हटल्यावर जो तो आपापल्या जागी हवा, म्हणून ही दोन-तीन-पाचची मांडणी आली आणि कित्येक वर्षं जगभर हीच चालली. जर्सीवरचे आकडेही याच मांडणीतून जन्मले. दोन आणि तीन मागचे, चार-पाच-सहा मधले, सात ते अकरा पुढचे.

माकुणसारकरांनी चहा संपेपर्यंत चिंचोके न्याहाळले. मग म्हणाले, "पाच जन फुडं? मंग घर कोन राखतो?"

मी आनंदानं टाळीच वाजवली. चहावाला दचकला. अहो, याच प्रश्नाला शोधलेलं उत्तर म्हणजे फुटबॉलच्या डावपेचांचा सगळा इतिहास! ऑफसाइडचा कायदा (चेंडू येण्याआधीच समोरच्यांच्या बचावामागं जाऊन उभं राहायचं नाही, हा) सैल झाला, पुढच्यांना मोकळं रान मिळालं आणि गोलांचा पाऊस पडायला लागला. तेव्हा कुणीतरी मधल्या पाच नंबरला उचलून मागं दोघांच्या मध्ये उभं केलं. म्हणून पाच नंबरचा माणूस आज बचावात दिसतो, पण तो जन्मला मैदानाच्या मधोमध. मी पाचव्या चिंचोक्याला मागं सरकवून दाखवलं.

"हां, आता झोप लागंल," ते म्हणाले, आणि टोपली उचलून गेले.

पालघरहून बोईसरपर्यंत सहा आसनी रिक्षात मी गाठोड्याच्या मांडीवर बसले होते की गाठोडं माझ्या, ते शेवटपर्यंत कळलं नाही. डाव्या हाताला मिठागरं लागली, मग कारखान्यांच्या चिमण्या दिसू लागल्या. केतकी नाक्यावर उभीच होती. तिनं आधी गाठोड्याला मिठी मारली, नंतर मला.

सरावलीत संध्याकाळी कामगारांच्या खोल्यांमागच्या मोकळ्या जागेत सराव पाहिला. संघाचा कप्तान रामआशीष, केतकीच्याच कारखान्यात फिटर. बिहारचा. चणीनं लहान पण पायांत भिंगरी. जर्सी अंगावर चढवून त्यानं मला दोन्ही हात जोडले, "मौसीजी, फिटिंग तो एकदम विलायती है!" तिथंच मी निम्मी त्यांची झाले.

त्यांचा खेळ अगदी आजचा. छोटे छोटे पास, गोलीसुद्धा पायानं खेळणारा, आणि चेंडू गेला की तिघं मिळून लगेच त्याच्यावर तुटून पडणार. रामआशीष म्हणाला, "हम लोग पीछे जाके इंतज़ार नहीं करते, मौसीजी. जहाँ गेंद गई, वहीं पकड़ लेते हैं." हे त्याला कुणी शिकवलं? मोबाइलनं. युरोपानं शंभर वर्षं डोकं खाजवून जे मिळवलं ते या पोरांनी जेवणाच्या सुट्टीत उचललं होतं.

मी चिंचोके काढलेच. वाणगावच्या मिरच्यांची भजी, मधोमध ताट आणि भोवती दमलेला संघ अशा थाटात त्यांना मधली सगळी कहाणी सांगितली. ब्राझीलनं मागं चौघं उभे केले. इटलीवाल्यांनी त्यांच्याही मागं एक मोकळा माणूस ठेवून घराला कडी घातली. मग डचांनी ठरवलं की जागा कुणाच्या बापाची नाही, मागचा पुढं जाईल आणि पुढचा मागं येईल. रामआशीषनं एका मिरचीला दुसरीच्या जागी ठेवत "ऐसे?" विचारलं, आणि दोन्ही खाल्ल्या.

"उद्या कुणाशी खेळताय?" मी विचारलं.

"गाववाल्यांशी," केतकी म्हणाली. "दरवर्षी हरतात बिचारे. मावशी, तू उद्या आमच्या बाजूनं ओरडायचं हं." मी मान डोलावली. तेव्हा मला काय माहीत!

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तारापूरच्या बाजूला किनाऱ्यावर पोचलो. गावाचं नाव सांगत नाही. त्यांनीच बजावलंय, पुढच्या वर्षी दुसरे संघ वाचून हुशार होतील म्हणून. सुरूची झाडं ओलांडली आणि मी जागीच उभी राहिले. किनाऱ्याच्या वरच्या अंगाला वलांड्या (बोंबील वाळत घालायचे बांबूचे उंच मांडव) रांगेनं उभ्या होत्या आणि त्यांवर हजारो बोंबील लटकत होते. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची. ऊन त्यांच्या अंगातून आरपार जात होतं. खाली कोरड्या रेतीचा पट्टा, मग ओली रेती आणि त्याखाली समुद्र. दोन टोकांना होडीची दोन-दोन वल्ही रोवून गोल केले होते.

मैदानाच्या त्या एका बाजूला खरोखरच रेघ नव्हती, पाणी होतं. खेळ सुरू होतो ओहोटी लागलेली असताना, त्यामुळे मैदान रुंद होत जातं. पाणी वळलं की मध्यंतर. मग भरतीबरोबर मैदान आकसत येतं, आणि समुद्राकडच्या वल्ह्याला पाणी लागलं की सामना संपला. घड्याळ कुणी बघत नाही. वरच्या अंगालाही रेघ नाही, तिथं वलांडीच भिंत. चेंडू तिला लागून आला तरी खेळ चालूच.

मी नाचायचीच बाकी होते. गावाचा कप्तान हरेश पुढं आला. चाळिशीचा, होडीवरचा तांडेल (मुख्य), खांदे दारासारखे रुंद. तुमची मांडणी कशी असते असं विचारल्यावर त्यानं रेतीत बोटानं काढून दाखवलं: मागं दोघं, मधे तिघं, पुढं पाच!

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?" माझा आवाज चिरकला.

"शिकवंल कोन? बोटीवर आमी आसंच ऱ्हातो, मावशी. दोघं मागं सुकानाकडं, तिघं मधी, पाच जन फुडं जालं (जाळं) वढायला. जो रांधतो तो गोलात. मी मधी."

कट्ट्यावरच्या मंडळींनो, तुम्हाला समजतंय का? जगानं ज्या मांडणीचा कधीच निरोप घेतला ती इथं जिवंत होती, रोज सकाळी समुद्रावर जात होती आणि संध्याकाळी मासळी घेऊन परत येत होती. मी हरेशचे दोन्ही हात धरून हलवले. केतकीनं कपाळाला हात लावला.

पण हरेश हसत नव्हता. त्यानं वलांडीकडं मान केली. तिथं एक बाई आमच्याकडं पाठ करून बोंबलांच्या जोड्या लावत होती. हात असे चालत होते की डोळ्यांची गरजच नव्हती. ही जयवंतीकाकी. या वलांड्या बायकांच्या, आणि बायकांमध्ये शब्द तिचा.

"आज जिंकलो तर मैदान हाय," हरेश हळूच म्हणाला. "नाय जिंकलो तर बंद. बरोबरी झाली तरी बंद."

काकीनं ऐकलं होतं. तिनं वळून न बघता उत्तर दिलं, "गेल्या साली यांच्या बॉलनं माजी आख्खी वळ (ओळ) रेतीत पाडली. धुवून धुवून हात गेलं. जिंकले आसते तर सोसलं आसतं, तर ते बी नाय. बोंबील आला की मला जागा पुरत नाय, बाय. खालच्या कोरड्या रेतीत नवी वलांडी घालनार मी."

"मग यांना खेळायला?"

"समुद्र हाय की."

तिचं चुकत होतं असं मला म्हणता येईना. हरेशलाही येत नव्हतं, म्हणूनच तो तिच्याशी भांडत नव्हता. मला एवढंच म्हणाला, "मावशी, बोटीवर आमी वरीसभर एकमेकाला शिव्या देतो. हितं तेवडं हसतो. निम्मी पोरां आता कारखान्यात जातात. हे गेलं तर त्यांना भेटायचं कुटं?" मग काकीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "आन् आज आमचा एक बी बॉल वलांडीला लागनार नाय. शब्द दिलाय."

झालं. मी त्याच क्षणी फितूर झाले. केतकी म्हणाली, "अगं मावशी, जर्सी तू आमच्या शिवल्यास!" मी म्हटलं, "कपडे तुमचे, काळीज यांचं." आणि चपला हातात घेऊन गावाच्या बाजूला जाऊन उभी राहिले. चपला म्हणजे खास कोल्हापुरी, करकर वाजणाऱ्या, या प्रवासासाठी नव्या घेतलेल्या. त्या मी समुद्राकडच्या वल्ह्याजवळ नीट जोडीनं ठेवल्या.

आता माझ्या शहाणपणाची कथा. हरेशला मी चिंचोक्यांवर समजावलं: तू मधून मागं ये, दोघांच्या मध्ये उभा राहा, जगानं हेच केलं. आणि मी "पुढं!" म्हणून ओरडले की तुम्ही तिघं एकदम पुढं सरका, त्यांचा फॉरवर्ड ऑफसाइडमध्ये सापडेल. कोल्हापूरला फुटबॉल कळतो असा त्यांचा समज होता. त्यांनी ऐकलं.

पंच होते वाणगावचे एक मिरचीवाले शेतकरी. ते ना समुद्राचे ना कारखान्याचे, म्हणून दरवर्षी तेच. त्यांनी शिट्टी मारली. ओहोटीचं पाणी मागं जात होतं आणि माझ्या डोळ्यांदेखत मैदान मोठं होत होतं. गावाचा समुद्राकडचा फॉरवर्ड तर पाण्याच्या मागं मागं इतका दूर गेला की त्याला चेंडू द्यायला दुर्बीण लागली असती. निळ्या जर्सीतले छोट्या छोट्या पासनी रेतीवर नक्षी काढत होते. रामआशीषनं मान वर केली. मी ओरडले, "पुढं!" तिघं एकदम पुढं सरकले. निळ्यांचा एक फॉरवर्ड मागं एकटाच राहिला, त्याला चेंडू मिळाला, आणि तो अगदी सावकाश, फिरायला निघाल्यासारखा गेला नि गोल करून आला.

"ऑफसाइड! ऑफसाइड!" मी पंचांपुढं जाऊन उड्या मारायला लागले.

"ऑफसाइड हितं नसतो, बाय," पंच शांतपणे म्हणाले. "तो कायदा आमच्याकडं आलाच नाय."

सगळा किनारा हसला. बोंबील लावणाऱ्या बायका हसल्या, मागं राहिलेला फॉरवर्ड हसला, आणि केतकी तर रेतीत बसून पोट धरून हसत होती. "मला वाटलं तुला माहीत असेल!" म्हणे. मेली लबाड. ज्या कायद्यानं जगाचा फुटबॉल वळवला तो या किनाऱ्याला कधी शिवलाच नव्हता, म्हणून तर इथली जुनी मांडणी टिकली होती. हे माझ्या डोक्यात लखकन चमकलं, पण एक गोल उशिरा. हसू येत होतं. पण मैदान गेलं तर ते माझ्यामुळं जाणार होतं.

पाणी वळलं. मध्यंतरात मी हरेशची माफी मागायला गेले, तर तो पाणी पिता पिता म्हणाला, "मावशी, आता आमाला आमच्या बोटीवर बसू द्या." मी चिंचोके पर्समध्ये टाकून चेन लावली.

आणि मग भरती आली. काय सांगू! समुद्र एकेक पाऊल आत यायला लागला आणि मैदान आकसायला लागलं. मोकळी जागा संपली. दूर पळणारे फॉरवर्ड सगळे एका ठिकाणी गोळा झाले. मला वाटलं, आता यांची गर्दी होणार. पण त्यांची गर्दी झालीच नाही. अरुंद होडीत दहा जणांनी एकमेकांच्या पायात न येता कसं हलायचं हे त्यांना जन्मापासून ठाऊक. हरेश मधून ओरडला, "वढा रं!" आणि पुढचे पाचही जण एकदम मागं खेचत आले, चेंडूभोवती आवळले, आणि चेंडू जाळ्यात सापडावा तसा त्यांच्यात सापडला. हैया, हैया, एकाकडून दुसऱ्याकडं, आणि हरेशच्या पायातून सरळ गोलात! बरोबरी!

मी कुणाला मिठी मारली ते आठवत नाही. नंतर कळलं, निळ्यांच्या गोलीला.

तेव्हा मला उमगलं की मी काय बघत होते. फुटबॉलचा सगळा इतिहास म्हणजे हीच भरती. आधी ऐसपैस मैदान, मग जागा कमी, आणखी कमी, आणि कमी होत जाणाऱ्या जागेत माणसांनी शोधलेल्या युक्त्या. शंभराहून जास्त वर्षांचा तो प्रवास माझ्यासमोर एका दुपारी, गुडघाभर पाण्यात, ओरडत चालला होता.

निळ्यांनाही युक्त्या कळत होत्या. बरोबरी राहिली तरी सामना हातचा जात नाही आणि समुद्र जवळ आलाय हे पाहून रामआशीषनं सगळ्यांना मागं बोलावलं आणि घराला कडी घातली. इटलीवाल्यांनी बघायला हवं होतं. समोर निळी भिंत, डावीकडं पाणी, उजवीकडं वलांडी. वल्ह्यापासून पाणी आता हातभर लांब. आमच्या पेठेतल्या बोळात आम्ही पोरी चोरून खेळायचो तेव्हा घराच्या भिंतीवर चेंडू आपटायचा आणि पुढं पळून आपणच घ्यायचा. मी हरेशला ओरडून सांगितलं, "वलांडी! वलांडीवर मार, परत येईल!"

त्यानं ऐकलं. चेंडू त्याच्या पायात होता, वलांडी चार पावलांवर होती, कोन असा की पोरालाही जमावा. त्यानं पाय उचलला. आणि खाली ठेवला. चेंडू निळ्यांनी काढून घेतला.

"शब्द दिलाय, मावशी," तो धापा टाकत म्हणाला.

मी वलांडीकडं पाहिलं. जयवंतीकाकी आता आमच्याकडं तोंड करून उभी होती. हातात बोंबलाची जोडी तशीच, न लावलेली. कधी वळली होती कुणास ठाऊक. तो उचललेला आणि खाली ठेवलेला पाय तिनं पाहिला होता.

चेंडू फिरून पुन्हा हरेशकडं आला. फेस वल्ह्याच्या बुंध्याशी वळवळत होता. पुन्हा तीच निळी भिंत. हरेश थांबला. आणि वरून आवाज आला, असा की समुद्र गप्प व्हावा:

"आरं मार! मार वलांडीला!"

हरेशनं वर बघितलं. "काकी, बोंबील?"

"बोंबील गेलं खड्ड्यात! मार रं मेल्या, पानी आलं!"

त्यानं मारला. चेंडू वलांडीच्या बांबूवर धाडकन आदळला, एक अख्खी वळ सुटली, बोंबलांचा पाऊस पडला, आणि त्या पावसातून हरेश निळ्या भिंतीच्या पलीकडं निघून गेला. परत आलेला चेंडू त्यानं थांबवलाही नाही. तसाच टोलवला. लाट वल्ह्याला लागली आणि चेंडू दोन वल्ह्यांमधून गेला. आधी काय?

सगळे पंचांकडं बघत राहिले. वाणगावकरांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "आदी बॉल," ते म्हणाले. "मंग पानी."

पुढचं मला नीट सांगता येणार नाही. कुणी पाण्यात लोळत होतं, कुणी हरेशवर. मी रडत होते आणि हसत होते, आणि दोन्ही मोठ्यानं. रामआशीष मात्र तावातावानं काकीपुढं जाऊन उभा राहिला. "अम्मा, ये तो बेईमानी हुई! इनके बारह खिलाड़ी हो गए!"

काकीला हिंदी पुरतं कळत होतं. ती म्हणाली, "तू बी इचारायचं व्हतंस. तुला बी मारू दिलं आसतं."

रामआशीष असा हसला की खाली बसला. काकीनं त्याला बसू दिलं नाही. तिनं दोन्ही संघांना, पंचांना, केतकीला आणि मला कामाला लावलं. रेतीतले बोंबील गोळा करायचे, पाण्यात धुवायचे, जबड्यात जबडा अडकवायचा. निळे आणि गाववाले एकाच दोरीवर जोड्या टाकत होते. माझ्या जोड्या सारख्या सुटत होत्या. काकीनं माझा हात धरून दाखवलं आणि म्हणाली, "तुजं ऑफसाइड हाय, बाय." म्हणजे तिनं सुरुवातीपासूनचा सामना पाठीनं पाहिला होता.

मैदानाचं काय, हे विचारायची हरेशची हिंमत होईना, म्हणून मीच विचारलं. काकी म्हणाली, "जिंकले ना? मंग. नवी वलांडी घराच्या मागं घालीन, वारा कमी लागंल तितं, पन लागंल." हरेशनं मान खाली घातली आणि बोंबील धूत राहिला. त्याचे डोळे मला दिसले. मी दुसरीकडं पाहिलं.

अंधार पडायच्या आत काकीच्या ओट्यावर जेवलो. ताज्या बोंबलांची तळलेली कापं, तांदळाची भाकरी, आणि पंचांनी आणलेल्या वाणगावच्या मिरचीचा ठेचा, ज्यानं कोल्हापूरच्या बाईच्याही डोळ्यांत पाणी काढलं. निघताना चपलांची आठवण झाली. वल्ह्याजवळ एकच सापडली. दुसरी भरतीनं नेली. हरेश म्हणाला, जाळ्यात लागली तर पाठवून देतो. अजून लागलेली नाही.

परतीच्या गाडीत काकीनं दिलेला सुक्या बोंबलांचा भला मोठा पुडा मांडीवर होता. केतकीच्या स्लीपर घालून बसले होते. शेजारच्या एका काकांनी दोन स्टेशनं वास सोसला, मग ते जागा बदलून गेले. मला ऐसपैस बसायला मिळालं. जागा कशी तयार करायची याचे डावपेच माणसानं कुठूनही शिकावेत.

खिडकीतून बघत मी विचार करत होते. एवढी वर्षं मी अकरा माणसांच्या जागा मांडत आले. कोण मागं, कोण पुढं, कुणाला कधी सरकवलं. पण ज्या जमिनीवर ते उभे असतात ती कुणाची असते, ती कोण मोकळी ठेवतं, हे मी एकाही मांडणीत कधी मांडलं नाही. आमच्या पेठेत मुलींना मैदान नव्हतं, तरी मला ते सुचलं नव्हतं. बोळातल्या त्या भिंतीची मालकीण आम्हाला कधी ओरडली नाही, हेही मला त्या दिवशी गाडीत पहिल्यांदा आठवलं.

घरी आल्या आल्या मशीनवर बसले. उरलेल्या निळ्या कापडाची एक जर्सी शिवली. माप घेतलं नव्हतं, नजरेनं घेतलं होतं. बाह्या जरा सैल ठेवल्या, हात वर करून कामं करायची असतात म्हणून. पाठीवर आकडा शिवला, बारा. कट्ट्यावरची मंडळी विचारत होती, "ताई, हा बारा नंबर कुठं खेळतो?" मी म्हटलं, "खेळत नाही, खेळू देतो."

पार्सल पाठवलं. कितीतरी दिवस काही कळलं नाही. मला वाटलं, काकीला आवडलं नसेल, लुगड्यावर जर्सी कोण घालतं!

काल केतकीनं फोनवर एक फोटो पाठवला. किनारा, ओहोटी, मागं पोरं चेंडूमागं धावताहेत. पुढं वलांडी, बोंबलांच्या ओळी, आणि त्या ओळींच्या मधोमध, बाह्यांतून दोरी ओवून, माझी निळी जर्सी वाळत घातलेली. पाठीवरचा बारा उन्हात अगदी स्वच्छ दिसत होता. धुवून वाळत घातली होती, म्हणजे ती अंगात घालून झाली होती.